बीजी: प्राण्यांच्या जनुक-अभिव्यक्तीची तुलना करण्यासाठीचे माहितीकोठार

एखादे जनुक उंदरात किंवा झेब्राफिशमध्ये कुठे कार्यरत असते, म्हणजेच त्याची अभिव्यक्ती कुठे होते, हे शोधणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते या दोन उत्तरांची तुलना कोणत्या आधारावर करायची, हे ठरवणे. स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठ आणि स्विस इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉर्मॅटिक्स येथील गटाचे 'बीजी' हे विनामूल्य माहितीकोठार नेमके इथे उपयोगी पडते.

त्याच्या 15व्या आवृत्तीत 52 प्रजाती आहेत, परंतु माझ्या मते या आकड्यापेक्षा नमुन्यांची निवड महत्त्वाची आहे. रोगग्रस्त ऊती, औषधोपचार केलेले किंवा जनुकीय बदल केलेले प्राणी वगळून केवळ निरोगी, सामान्य प्राण्यांचे नमुने घेतले जात असल्याने, दिसणारा फरक उत्क्रांतीचा की आजाराचा, ही शंका बरीचशी मिटते.

त्याहूनही मोलाची आहे ती समजात, म्हणजे एकाच पूर्वज-अवयवापासून आलेल्या, अवयवांची नोंद. फुप्फुस आणि माशांचा वाताशय (त्यांना पाण्यात तरंगत ठेवणारी हवेची पिशवी) यांचा उगम एकच मानला जात असल्यामुळे बीजी त्यांना एकमेकांसमोर ठेवते. नुसत्या नावांवरून जुळणी करणाऱ्याला ही जोडी कधीच सापडली नसती. झेब्राफिश ज्यात मोडतो त्या टेलिओस्ट माशांच्या पूर्वजांत संपूर्ण जनुकसंच दुप्पट झाल्यामुळे, डोळ्याच्या विकासासाठी ओळखल्या जाणाऱ्या उंदराच्या पॅक्स-6 या एका जनुकाशी झेब्राफिशची दोन जनुके जुळतात. या तिन्ही जनुकांचे एन्सेम्बल क्रमांक (एन्सेम्बल या जनुकसंचांच्या माहितीकोठारातील ओळख-क्रमांक) बीजीच्या तुलनेच्या पानावर टाकले, की कोणत्या समजात अवयवात कोणाची अभिव्यक्ती आढळते ते कळते. डोळ्यावरच थांबू नये, स्वादुपिंडही पाहावे; तेथील संप्रेरक स्रवणाऱ्या पेशींनाही हे जनुक लागते.

बीजीचे 'टॉपअ‍ॅनॅट' हे साधन जनुकांच्या यादीवरून, ती कोणत्या अवयवांत अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात व्यक्त होतात ते सांगते. यादी मेंदूवरील प्रयोगातून आलेली असेल, तर तुलनेसाठीचा पार्श्वभूमी-संच, म्हणजे ही यादी ज्या जनुकांशी ताडून पाहायची तो संच, स्वतः द्यावा. अन्यथा उत्तर 'मेंदू' असेच येईल आणि त्यातून नवे काहीच कळणार नाही.

उणीव आहे ती माहितीच्या असमतोलाची. माणूस आणि उंदीर यांच्याबाबत ती विपुल आहे, तर अनेक प्रजातींसाठी मोजक्याच अवयवांचे आरएनए-सीक्वेन्सिंग (आरएनए वाचून जनुकांची अभिव्यक्ती मोजण्याची पद्धत) उपलब्ध आहे. बीजी 'अभिव्यक्ती नाही' आणि 'माहिती नाही' यांत भेद करते, पण घाईत तो नजरेतून सुटू शकतो. भ्रूणविकासाच्या सलग टप्प्यांची तुलना करू पाहणाऱ्यांनी, आपल्या प्रजातीचे किती टप्पे नोंदलेले आहेत हे आधी तपासावे आणि मगच 'बायोकंडक्टर' या जीवशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या संग्रहातील 'बीजीडीबी' या, 'आर' संगणकभाषेतील पॅकेजमधून माहिती उतरवून घ्यावी.