ईसीएचएस आणि नळीवाटे आहार: रुग्णालयात भक्कम, घरी लंगडी

ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून सुरू आहे. योजनेच्या पॉलिक्लिनिकचं रेफरल (पुढे पाठवण्याची चिठ्ठी) घेऊन पॅनेलवरच्या रुग्णालयात गेलं, की नाकातली नळी असो वा पोटावरून थेट जठरात बसवलेली नळी (पेग), ती बसवण्याचं काम कॅशलेस होतं. इथे पूर्ण गुण.

अडतं ते डिस्चार्जनंतर. औषधं पॉलिक्लिनिकमधून मिळतात. पोषण पावडर मात्र औषधात धरली जाईलच असं नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डावर निदान, नळीचा प्रकार आणि माप, दिवसभराच्या कॅलरी, दर वेळचे मिली आणि किती दिवस, हे सगळं लिहून घ्या. नुसतं 'आरटी फीड' (रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातल्या नळीने आहार) लिहिलेला कागद घेऊन निघालात तर हेलपाटा ठरलेला.

नळी कोणती, तेही आधीच विचारा. पीव्हीसीची रायल्स ट्यूब स्वस्त, पण पोटातल्या आम्लाने कडक होते. जास्त दिवस लागणार असेल तर सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनची बरी. बारीक नळीत घरची खिचडी हमखास अडकते. गाळून पातळ केली की नळी मोकळी राहते, पण कॅलरी उरत नाहीत आणि पेशंटचं वजन उतरत जातं. पावडरीचा खर्च सार्थ ठरतो तो इथेच.

फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवा, नंतरही तासभर तशीच. आधी आणि नंतर साधारण ३० मिली पाणी सोडा. 'एसआर' (औषध हळूहळू सोडणारी) लिहिलेली गोळी कुटून कधीच देऊ नका. पर्यायी सिरप त्याच भेटीत लिहून घ्या.