ठासणीची की काडतुसाची? काळ्या दारूने बदकं टिपायची असतील तर

कोकणात ठासणीची बंदूक म्हणजे शेतातली डुकरं हाकायला परवान्यावर ठेवलेली बंदूक. भारतात वन्यजीव कायद्यामुळे पाखरांवर बार टाकण्याचा प्रश्नच येत नाही, तेव्हा पुढचं सगळं अमेरिकेपुरतं. इथे मिनेसोटात सप्टेंबरअखेर बदकांचा हंगाम उघडायची वेळ झाली की आपल्यातलं कुणीतरी विचारतंच: काळ्या दारूची (जुन्या, धूर करणाऱ्या बारुदाची) दुनळी घ्यायची आहे, पुढून ठासायची घेऊ की मागून काडतूस घालायची? माझ्याकडे दोन्ही आहेत. बदकांना काडतुसाची आणि माळावरच्या फेझंटला (कोंबड्याएवढं रानपाखरू) ठासणीची, हे माझं उत्तर.

चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी, मात्र या यादीत धरूच नका. रंजक (बाहेरच्या कानात घातलेली चिमूटभर दारू) पेटल्याचा भपका आधी दिसतो, बार मागून उडतो, आणि तेवढ्यात पाखरू कलटी मारतं. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वीचे पाद्री अलेक्झांडर फॉर्साइथ याच त्रासाने वैतागले होते. आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचं त्यांचं पेटंट १८०७ चं. आज आपण बसवतो ती तांब्याची टोपी (आत मसाला असलेली, घोडा आपटला की पेटणारी) त्याच वाटेने पुढे आली.

आता छर्रे, कारण खिशाला चाट तिथेच बसते. पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे १९९१ पासून अमेरिकाभर बंद आहेत. चिखलात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. पोलादी छर्रे स्वस्त, पण कठीण. जुन्या दमास्कस नळीत (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेल्या) ते घालणं म्हणजे नळीची वाट लावणं. शिवाय त्यांना जाड प्लास्टिकची वाटी लागते, आणि काळ्या दारूच्या आचेने ते प्लास्टिक वितळून नळीला चिकटतं. राहता राहिला बिस्मथ. तो पोलादापेक्षा मऊ, जुन्या नळीलाही चालणारा, पण किंमत पोलादाच्या कितीतरी पट. घनता ९.८ च्या आत-बाहेर, शिशाची ११.३. म्हणजे शिशासाठी आखलेल्या मापाने भरलात तर वजन कमी भरतं, तराजू वापरा. बारा बोरला (बोर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा लहान तितकी नळी रुंद) ३ ड्रॅम, म्हणजे ८२ ग्रेन दारू आणि सव्वा औंसाच्या आत छर्रे, हा जुना हिशोब मला पुरतो. तुमच्या बंदुकीची मर्यादा तिच्या कारखान्याच्या कागदावरून किंवा बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडूनच घ्या.

हा खर्च दोन्हींना सारखाच. फरक पडतो तो पाण्यात बसल्यावर. ठासणीत आधी मोजलेली दारू, त्यावर जाड पुठ्ठा, मग लोकरीचा डट्टा, मग छर्रे, वर पातळ पुठ्ठा, आणि सगळ्यात शेवटी टोपी. घरामागच्या अंगणात यात मजा आहे. डुलत्या होडीत, थंडीने बधिर बोटांनी, वाळल्या गवतात लपून हेच करायचं म्हटलं की मजा संपते. गेल्या हंगामात मी गजाने पुठ्ठा दाबत होतो आणि टील बदकांचा थवा माझ्या टोपीवरून गेला. बंदुकीची टोपी तोवर पाण्यात पडली होती.

दुनळीत धोकाही असतो. एक नळी उडाली आणि ती परत भरायची असेल, तर आधी दुसऱ्या, भरलेल्या नळीवरची टोपी काढा. पहिल्या बाराच्या धक्क्याने तिच्यातले छर्रे पुढे सरकलेले असू शकतात. गज घालून ते दाबून बसवा. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, फाटतेही. भरलेल्या नळीत गज कुठवर जातो त्याची खूण गजावर करून ठेवा. गप्पांच्या नादात एकाच नळीत दोन बार ठासणारे भले भले असतात.

काडतुसाच्या बंदुकीत हे सगळं आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर उरकतं. पितळी नळकांड्या पुन्हा पुन्हा भरता येतात. त्यांची भिंत पातळ असते, म्हणून बारा बोरच्या नळकांडीला अकरा बोरचे पुठ्ठे घ्यावे लागतात, आणि वरचा पुठ्ठा डिंकाने चिकटवला नाही तर छर्रे खिशात सांडतात. नळीला चोक (तोंडाशी थोडी अरुंद केलेली) असेल तर झोत आटोपशीर राहतो. ठासणीच्या बहुतेक नळ्या सरळ असतात, त्यामुळे पंचवीस-तीस यार्डांपलीकडे मी बार टाकत नाही.

मात्र काडतुसाच्या, बाहेर घोडा असलेल्या बंदुका बहुतेक जुन्याच मिळतात. नळीची जाडी, आतले खड्डे, काडतुसाच्या घराची लांबी कारागिराकडून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि बिनधुराची दारू (आजच्या काडतुसांतली, जास्त दाबाची) त्यात कधीही नाही. आठ बोरची देखणी दुनळी दिसली तर भिंतीवर लावा. स्थलांतरी पाखरांवर दहा बोरहून मोठी बंदूक चालवायला कायद्याने बंदी आहे.

एच-१बी वर असाल तर एक गोष्ट बघा. त्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने सहसा मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते. फक्त काळ्या दारूची, पुढून भरायची बंदूक केंद्रीय कायदा ‘पुरातन’ धरतो, आणि १८९८ किंवा त्याआधी बनलेली काडतुसाचीही, म्हणून त्या या मनाईतून सुटतात. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी वाचा.

साफसफाईत दोघी सारख्याच छळतात. काजळी हवेतली ओल ओढते, म्हणून त्याच रात्री गरम पाणी, साबण, मग तेल. काडतुसवाल्याला वर पितळही धुवावं लागतं. आमच्या घरी ते सिंकमध्ये पडलेलं दिसलं की मला अंगणात पाठवतात.

फेझंटला ठासणीची का? तिथे पाय कोरडे असतात, उभं राहून निवांत ठासता येतं, आणि बऱ्याच खासगी शेतांवर शिसं अजून चालतं (पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या सरकारी जागांवर नाही). फेझंट पायाखालून फडफडत उठतो, वीस यार्डांत असतो. बार उडाला की धुरामागे काही दिसत नाही. पाखरू पडलं की गेलं, ते कुत्राच सांगतो.