फिनलंडची वाट की नॉर्वेची?

यूपीएससीच्या तयारीला लागलेल्या भाचीने विचारलं, "मामा, शेजारी महासत्ता असेल तर छोट्या देशाने अलिप्त राहावं की गटात शिरावं?" शीतयुद्धातले दोन देश घेऊ. दोघांचीही हद्द सोव्हिएत संघाला भिडलेली: फिनलंडची तब्बल १३०० किलोमीटरवर, नॉर्वेची जेमतेम २००.

आधी खर्च. नॉर्वे १९४९ मध्ये नाटोत, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी गटात गेला, भार वाटला गेला. अलिप्त राहिलेल्या फिनलंडला सगळं स्वतःच करावं लागलं: सक्तीची लष्करी सेवा, मोठी राखीव फौज, कातळात खोदलेले निवारे. हेलसिंकीत असाच एक जमिनीखालचा पोहण्याचा तलाव आहे. एरवी तिथे पोरं सूर मारतात. वेळ आलीच तर हजारो माणसं मावतील.

मोकळीक? फिनलंडने मार्शल योजनेचा, म्हणजे युद्धानंतर युरोप उभा करायला अमेरिकेने देऊ केलेला पैसा नाकारला, १९४८ मध्ये मॉस्कोशी मैत्रीचा करार केला, वर्तमानपत्रंसुद्धा शब्द तोलून लिहायची. निवडणुका मात्र खऱ्या होत्या. नॉर्वे मोकळं बोलायचा, तरी शांततेच्या काळात परदेशी तळ नकोत असं त्यानेच जाहीर केलं. गटात राहूनही शेजाऱ्याची मर्जी राखलीच की!

टिकण्याचं म्हणशील तर नॉर्वेची जुनी तटस्थता एप्रिल १९४० मध्ये जर्मनांनी तुडवली. फिनलंड २०२३ मध्ये नाटोत गेला, तोही युक्रेनवरचा हल्ला पाहून.

मदतीला येणारं कुणी जवळ नसेल आणि घरटी माणूस लढायला तयार असेल, तर फिनलंडची वाट. मित्रांची जहाजं बंदराला लागू शकत असतील, तर नॉर्वेची.