दापोली कोर्टात वकिली करता करता मानवी हक्क कायद्याची मास्टर्स: चौदा महिन्यांनंतर

मी दापोलीत वकिली करते. गेल्या वर्षी परदेशातल्या एका विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या अर्धवेळ मास्टर्सला प्रवेश घेतला. विषय मानवी हक्क कायदा, तास सगळे ऑनलाइन.

माहितीपत्रकात आठवड्याला बारा तास लिहिले होते. मला अठरा-वीस लागतात. तास रात्री साडेनऊला सुरू होतो. पावसाळ्यात लाइट गेली की नेटही जातं, म्हणून वाचायचं सगळं शनिवारीच उतरवून ठेवते.

आता मुख्य गोष्ट. दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या कामगारांचा सर्वोच्च न्यायालयाचा 1982 चा निकाल एलएलबीला एका ओळीत पाठ केला होता: किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं ही घटनेच्या कलम 23 खाली सक्तीची मजुरी. इथे त्या एका निकालावर आम्ही तीन आठवडे होतो. शेजारी 1930 चा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार ठेवला. त्यात सक्तीची मजुरी म्हणजे शिक्षेचा धाक घालून करून घेतलेलं आणि आपखुशीने न पत्करलेलं काम. आपलं सर्वोच्च न्यायालय त्याच्याही पुढे गेलं: भूक आणि गरिबीसुद्धा माणसावर सक्ती करते.

ते वाचताना मला चार वर्षांपूर्वी आलेलं कातकरी जोडपं आठवलं. दिवाळीनंतर कोळसाभट्टीवर गेलेलं, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटली नाही म्हणून मुकादम सोडेना. मी ते हिशेबाचं भांडण समजले आणि समेट करून त्यांना हप्ते बांधून दिले. वेठबिगारीविरुद्धचा 1976 चा कायदा सांगतो की असं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते, आणि ते वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर असतं. कायदा माझ्या कपाटात होता. त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून उचलीचं प्रकरण आलं की आधी विचारते: दिवसाची मजुरी किती पडली, मधेच निघून येता आलं असतं का, आणि नक्की कुठल्या तारखेला काय घडलं. तारखेचं महत्त्व मोठं आहे, कारण 1993 च्या कायद्यानुसार घटनेला वर्ष उलटलं की मानवी हक्क आयोगाला चौकशी करता येत नाही.

तक्रारी आहेत. वाचनयादीत स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे निकाल ढीगभर, आपल्याकडचे चार-दोन. असाइनमेंट तपासून यायला दीड-दीड महिना लागतो, तोवर पुढची देऊन झालेली असते. वैयक्तिक तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे कशी न्यायची यावर कितीतरी तास गेले. भारताने नागरी व राजकीय हक्कांचा करार 1979 मध्ये स्वीकारला, पण त्या तक्रारींचा जोडकरार स्वीकारलेला नाही. तो रस्ता माझ्या पक्षकाराला बंदच.

एका तासाला प्रत्येकाने आपल्या भागातला निकाल मांडायचा होता. मी चवदार तळ्याचा नेला. 1927 च्या सत्याग्रहानंतर महाडच्या सवर्णांनी लावलेला दावा दहा वर्षं चालला आणि 1937 मध्ये मुंबई हायकोर्टाने म्हटलं, अस्पृश्यांना बंदीची अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध झालेली नाही. केनियातल्या एका वर्गमित्राने दुसऱ्या दिवशी पूर्ण निकाल मागवून घेतला.

फी जड आहे. हप्ते मिळतात का ते आधी विचारा. कोर्टात किंवा आदिवासी वाडीवर रोज काम करणाऱ्यांनी जरूर करावी, नुसत्या पदवीसाठी एवढा खर्च करू नये. माझा प्रबंध उचलीवरच आहे. दिवाळीनंतर वाडी रिकामी होते, म्हणून मुलाखती दसऱ्याच्या आत उरकायच्या आहेत.