मुंबई की कोल्हापूर: हायकोर्टाची वकिली करणाऱ्यानं बिऱ्हाड कुठे ठेवावं?

काही पेशांबद्दल आपल्याकडे ठरूनच गेलंय की राजधानी सोडली की संपलं. सिनेमा-मालिका, मंत्रालयाची बातमीदारी, शेअर बाजार आणि हायकोर्टाची वकिली. पहिल्या तिन्हींत मी पडत नाही. (प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली होती, एवढं फक्त ध्यानात ठेवा.) वकिलीबद्दल मात्र बोलता येईल. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे कायम खंडपीठाचा दर्जा नसलेलं पीठ, बसायला लागलं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं करणाऱ्या मुंबईतल्या वकिलांपुढे प्रश्न उभा राहिला, की आता राहायचं कुठे. मी माझ्यापुरता तो सोडवला आहे. ज्युनिअर मंडळी विचारत असतात, म्हणून दोन्ही बाजू मांडतो. दोन शब्द आधी सांगून ठेवतो: ओरिजिनल साइड म्हणजे थेट हायकोर्टातच दाखल होणारी कामं, ॲपेलेट साइड म्हणजे मुख्यतः खालच्या कोर्टा-कचेऱ्यांतून वर येणारी.

आधी मुंबईची बाजू, कारण एका ठिकाणी ती इतकी भक्कम आहे की वाद घालण्यात अर्थ नाही. तुमचं काम ओरिजिनल साइडचं असेल, म्हणजे मुंबईतले कमर्शियल सूट (व्यापारी दावे), ॲडमिरल्टी (जहाजांचे वाद), प्रोबेट (मृत्युपत्रांची कामं), तर हा लेख इथेच सोडून दिलात तरी चालेल. ते अधिकारक्षेत्र मुख्य पीठाचं. नागपूर-औरंगाबादच्या खंडपीठांकडे ते इतक्या वर्षांत गेलं नाही, कोल्हापूरलाही आलेलं नाही. शहरातला १० कोटींपर्यंतचा दिवाणी दावा आता सिटी सिव्हिल कोर्टात जातो खरा, पण ते कोर्टही तिथून दोन पावलांवर. कंपन्यांचे वाद ऐकणारं एनसीएलटी मुंबईत, सेबी बीकेसीत आणि सेबीच्या आदेशांवरची देशभरातली अपिलं ऐकणारं सॅटही मुंबईतच. या कामात राहून कोल्हापूरला जाणं म्हणजे हौस.

ॲपेलेट साइडचं तसं नाही. कूळ कायद्याचा वाद, देवस्थान इनामाची जमीन, धरणग्रस्ताला मिळालेला आणि मग दुसऱ्यानंच कसलेला प्लॉट, साखर कारखान्याची मतदार यादी, संस्थेनं काढून टाकलेला शिक्षक, अपात्र ठरलेला सरपंच, जामीन, अपघात भरपाईचं फर्स्ट अपील. यातलं काहीही मुंबईत जन्माला येत नाही. ते तालुक्याला जन्मतं, प्रांत-कलेक्टर किंवा जिल्हा कोर्टात वाढतं आणि शेवटी फाइल होऊन फोर्टात येतं. कागद कमी पडला की पुन्हा तालुक्यालाच फोन करायचा. जुन्या फेरफाराची नक्कल हवी असली की मुंबईहून तिथल्या ओळखीच्या वकिलाच्या हातापाया पडायचं, त्यानं त्याच्या कारकुनाला सांगायचं आणि कारकुनानं पाठवलेली नक्कल नेमकी दुसऱ्या गटाची निघायची. आता सांगलीत किंवा कऱ्हाडात मी स्वतः जाऊन येतो आणि संध्याकाळी ऑफिसला असतो. ऑफिस ऑब्जेक्शन, म्हणजे हायकोर्टाच्या कचेरीनं फाइलमध्ये दाखवलेल्या त्रुटी, काढायला पूर्वी जेवढा वेळ लागे, त्याच्या निम्म्याहून कमी लागतो असं मला वाटतं. मोजून पाहिलेलं नाही.

मुंबई खरी कुठे जिंकते ते सांगतो. शिकण्यात. स्वतःचं मॅटर नसलं तरी कुठल्याही कोर्टरूममध्ये मागच्या बाकावर जाऊन बसावं आणि मोठा वकील कसा उभा राहतो, कुठे थांबतो, न्यायमूर्तींचा प्रश्न कसा पचवतो, ते पाहावं. एकाच दुपारी एका मजल्यावर भूसंपादन आणि दुसऱ्या मजल्यावर पेटंट ऐकायला मिळतं. कोल्हापुरात सुरुवातच चार न्यायमूर्तींनी झाली: एक द्विसदस्यीय पीठ, दोन एकसदस्यीय. फिरायला तेवढ्या खोल्याच नाहीत. पहिली पाच-सात वर्षं मुंबईत काढावीत, असं मी अजूनही ज्युनिअरला सांगतो. अट एकच, त्या काळात पोट भरलं पाहिजे. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस केली. ती कितपत पाळली जाते, हे डोंबिवलीत चौघांत खोली घेऊन राहणाऱ्या पोराला विचारा.

आता माझं ज्याच्यावरून ठरलं त्याकडे येतो. लोकलची गर्दी, खोलीचं भाडं, बार रूममध्ये बसायला खुर्ची नसणं, या सगळ्याला माणूस सरावतो. मीही सरावलो होतो. एका गोष्टीला नाही सरावलो: पक्षकाराला संध्याकाळी ‘आज नाही पोचलं’ हे सांगणं.

खरं तर हायकोर्टात पक्षकारानं यायची गरजच नसते. वकील उभा राहतो, काम होतं. पण हे वीस वर्षं बांधासाठी भांडलेल्या माणसाला सांगून बघा. माझे बहुतेक पक्षकार तासगाव, मिरज, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यातले. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामांच्या यादीत, नाव लागलं असं कळलं की माणूस रात्री मिरजेहून महालक्ष्मी धरतो, सकाळी सीएसएमटीला उतरतो, फलाटावरच्या नळावर तोंड धुतो आणि साडेदहाला व्हरांड्यात हजर. सोबत पोरगा किंवा पुतण्या. पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, माझ्यासाठीही. मॅटर बोर्डावर साठाच्या पुढे. सकाळचा वेळ तातडीच्या कामांत जातो, दुपारी एक अर्धवट राहिलेलं अपील पुढे सुरू होतं आणि साडेचारला कोर्ट उठतं. नाव पुकारलंच जात नाही.

यात दोष कुणाचा म्हणाल, तर कुणाचाच नाही. मंजूर ९४ न्यायमूर्तींचं कोर्ट, जागा कधी पूर्ण भरलेल्या नसतात, बोर्ड लांबलचक, आणि न्यायमूर्ती संध्याकाळपर्यंत मान वर न करता काम करतात हे आम्ही रोज पाहतो. पण जिना उतरताना शेजारी चालणाऱ्या माणसाला यातलं काय सांगणार? तासगावचे एक आप्पा, द्राक्षबागायतदार, सेकंड अपील. ऐन ऑक्टोबर छाटणीत मजुरांना बागेत सोडून आले होते. खाली आल्यावर त्यांनी विचारलं, ‘वकीलसाहेब, जज्जसाहेबांनी निदान नाव तरी वाचलं का?’ मी सर्क्युलेशन, प्रेसिपी, पुढच्या आठवड्याचं बोर्ड असं काहीबाही सांगत राहिलो. आप्पांनी मान डोलावली आणि परतीच्या गाडीच्या जनरलच्या रांगेत लागायला निघून गेले. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. असं वारंवार होत राहिलं, आप्पांच्या बाबतीत आणि इतरांच्याही. फी घेताना हात आखडायला लागला, हे यातलं अगदी रोकडं नुकसान.

कोल्हापुरात मॅटर पोचतंच असं मी म्हणत नाही. इथेही बोर्ड भरलेलं असतं, इथेही साडेचार वाजतात. फरक एवढाच की मिरजेचा माणूस पाचच्या एसटीनं घरी जातो, धार काढतो, जेवतो आणि उद्या लागलं असलं तर पुन्हा येतो. नाही पोचलं याची किंमत एक रात्र, एक दिवस आणि मजुरांचे खाडे यांवरून एसटीच्या तिकिटावर आली. तुम्ही म्हणाल, सोय पक्षकाराची झाली, यात वकिलाचं काय? माझ्या मते सगळं वकिलाचंच. संध्याकाळी पाचनंतर मी त्याच्याशी पुढच्या कामाचं बोलू शकतो. मुंबईत पाचनंतर मी फक्त समजूत काढत असे.

मग व्हिडिओ कॉन्फरन्सिंग कशासाठी, असा प्रश्न येतोच. ६ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं देशातल्या हायकोर्टांना बजावलं की ऑनलाइन किंवा हायब्रिड सुनावणी कुणाला नाकारू नका. माझे काही सहकारी तासगावात बसून मुंबईत उभे राहतात, आणि तारीख वाढवून घ्यायची असेल, छोटा अर्ज असेल, तर ते पुरतंही. पण अंतिम सुनावणीला पेपरबुकाची पानं उलटत, न्यायमूर्तींच्या चेहऱ्याकडे बघत मुद्दा सोडायचा की ताणायचा हे ठरवायचं असतं. तिथे पडद्यावरचा वकील अर्धाच वाटतो. निदान मला तरी वाटतो. नव्या पोरांना कदाचित वाटणार नाही.

आता कोल्हापूरच्या खोडी, कारण त्या मोजल्याशिवाय कुणी सामान बांधू नये. पहिली म्हणजे ओळख. मुंबईत समोरचा पक्षकार हे फाइलवरचं एक नाव असतं. इथे तो तुमच्या मेव्हण्याचा मित्र किंवा ज्या कारखान्याला घरचा ऊस जातो त्याचा संचालक असतो. कारखान्याच्या विरोधात ब्रीफ घेतलं की लग्नात जेवणाच्या पंगतीत बोलणारे दोन कमी होतात. दुसरी, फुकट सल्ला. ‘आता तू इथंच आहेस की’ हे वाक्य ऐकलं की समजावं, वाटणीपत्राचा मसुदा येतोय. तिसरी सगळ्यांत गंभीर आहे: न्यायमूर्ती मोजकेच असल्यामुळे एखाद्यांनी आधी जिल्ह्यात काम केलेलं असलं, ओळखीचा प्रश्न आला आणि त्यांनी प्रकरण आपल्यापुढे नको म्हटलं, तर पर्याय फार नसतात. मुंबईत ही अडचण जाणवतही नाही. इमारतही तूर्त जुन्या न्यायालयाचीच आहे, सीपीआर रुग्णालयासमोरची. शेंडा पार्कात नवी होईल तेव्हा होईल. तोवर सकाळी गाडी लावायला जागा मिळाली तर तो दिवस चांगला समजायचा.

शिवाय सहा जिल्हे म्हटले तरी सहाही सारखे नाहीत. कोल्हापूर आणि सांगलीला प्रश्नच नाही, साताऱ्यालाही सोयीचंच. सोलापूरचं गणित वेगळं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री झोपून सकाळी मुंबई गाठायची सवय असलेल्या माणसाला कोल्हापूर काही फार जवळचं वाटत नाही. २०२३ पासून तर त्याच्याकडे वंदे भारतही आहे. खेड-दापोली-मंडणगडच्या माणसाला कोकण रेल्वे आणि मुंबईतली नातेवाइकांची खोली अंगवळणी पडलेली असते. त्याला घाट चढून कोल्हापूरला यायला सांगणं पावसाळ्यात तरी सोपं नाही. सावंतवाडीला आंबोली आणि रत्नागिरीला आंबा घाट, दरड कुठे कोसळेल याचा नेम नाही. तेव्हा आपली वकीलपत्रं काढून तालुक्यांची नावं वाचा. सोलापूर आणि उत्तर रत्नागिरी जास्त निघाली, तर कोल्हापूरला येऊन तुमचा पक्षकार खूश होईलच असं नाही.

करिअरचं काय, ही भीती राहतेच. मुंबई सोडली की नाव मागे पडतं असं बार रूममध्ये नेहमी बोललं जातं. औरंगाबादला १९८१ साली खंडपीठ बसलं, तेव्हा त्याला आव्हान देणारं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तिथे खंडपीठ टिकलं आणि आज मराठवाड्याच्या वकिलाला मुंबईचा विचार करावा लागत नाही. नागपूरचं उदाहरण त्याहून बोलकं. शरद बोबडे यांची वकिली मुख्यतः नागपूर खंडपीठापुढची. भूषण गवई १९८७ ते १९९० मुंबईत होते, नंतर नागपूर खंडपीठापुढे. दोघंही सरन्यायाधीश झाले, आणि कोल्हापूरच्या बेंचचं उद्घाटन त्यांतल्या गवईंनीच केलं. अर्थात नागपूरच्या बारला कित्येक पिढ्यांची परंपरा आहे आणि कोल्हापूरच्या हायकोर्ट बारनं आत्ता कुठे बाळसं धरलंय, हेही खरं. ती घडायला काळ जाईल.

राजधानीला वकिलाला अक्षरशः बांधून ठेवणारा नियम मला एकच ठाऊक आहे, आणि तो मुंबईचा नाही. सुप्रीम कोर्टाच्या नियमांप्रमाणे ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड (तिथे प्रकरण दाखल करण्याचा अधिकार असलेला वकील) व्हायचं तर कोर्टापासून १६ किलोमीटरच्या परिघात दिल्लीत ऑफिस असावं लागतं आणि नोंदणी झालेला क्लार्कही ठेवावा लागतो. हायकोर्टात वकिलीसाठी असलं काही कुठे लिहिलेलं नाही. मुंबईत राहायलाच हवं हे आपण एकमेकांना सांगत आलो, कारण कोर्ट तिथे होतं. सहा जिल्ह्यांपुरतं ते आता दुसरीकडेही आहे.

पैशाचं थोडक्यात. कोल्हापुरात फी कमी सांगावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. पक्षकार मुंबईचा आकडा ऐकून हसतो आणि म्हणतो, आता तर तुम्हाला लोकलही नाही. घरखर्च मात्र त्याहून जास्त उतरला, म्हणून हातात उरतं ते माझ्या अंदाजानं आधीपेक्षा थोडं अधिकच. ज्यांचं मुंबईत स्वतःचं घर आहे त्यांना हा फायदा मिळणार नाही. त्यांनी दोनदा विचार करावा. रायगड आणि ठाण्याची माझी काही कामं अजून मुंबईतच आहेत. ती तिथल्या एका मित्राकडे दिली. अंतिम सुनावणी असली की मी जातो, बाकी तारखा तो बघतो आणि फी निम्मी-निम्मी. त्याची सोलापूरची काही मॅटर्स आता इकडे आली आहेत, त्यांत निम्मी माझी.