प्रोजेक्टसाठी कोणता डेलाफोसाइट: लोहाचा की क्रोमियमचा?

एम.एस्सी. फिजिक्सचा प्रोजेक्ट त्रिकोणी अँटीफेरोमॅग्नेटवर (शेजारचे स्पिन, म्हणजे आयनांचे छोटे चुंबक, एकमेकांच्या उलट राहू पाहतात असा पदार्थ) करायचा आणि नमुना सोलापुरातच भाजायचा, तर माझ्या मते दोनच पदार्थांचा विचार करा: तांबं-लोहाचा डेलाफोसाइट (थरांनी बनलेलं ऑक्साइड) आणि तांबं-क्रोमियमचा. दोन्हींत चुंबकी आयनांचे त्रिकोणी थर असतात. दोन स्पिन एकमेकांच्या उलट उभे राहिले की तिसऱ्याची पंचाईत होते. ही कोंडी कशी सुटते, ते लॅटिसवर, म्हणजे अणूंच्या मांडणीवर, बरंच अवलंबून असतं.

लॅटिसचा परिणाम ठळक दिसतो तो लोहवाल्यात. लोहाच्या आयनाचं कक्षीय संवेग शून्य असतं, म्हणून स्पिन १२० अंशांवर पसरतील असं वाटतं. प्रत्यक्षात सुमारे १४ आणि ११ केल्विनला दोन संक्रमणं (चुंबकी रचनेतले बदल) होतात आणि शेवटी स्पिन एका रेषेत, दोन वर-दोन खाली, असे बसतात. त्याच वेळी समभुज त्रिकोण विषमभुज होतो, तिन्ही बाजूंची जोडणी असमान होते आणि कोंडी सैलावते. ताण्याचा ताण बिघडला की नक्षी बिघडते, हे सोलापूरकराला सांगायला नको. इथे मात्र नक्षीही ताणा ओढते.

क्रोमियमवाल्यात २४ केल्विनजवळ जवळपास १२० अंशांची सर्पिल रचना येते. त्रिकोण बदलतो, पण जरासाच. उलट चुंबकी क्षेत्राशिवाय विद्युत ध्रुवण (धन-ऋण प्रभार किंचित वेगळे सरकणं) मिळतं. लोहवाल्याला त्यासाठी साधारण ७ टेस्ला लागतात.

भट्टीचं गणित मात्र उलटं. क्रोमियमवाला साध्या हवेत ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास तयार होतो (मे महिन्यात त्या खोलीत बसायची तयारी ठेवा). लोहवाल्याला आरगॉन किंवा नायट्रोजन लागतो, नाहीतर तांबं पुढे ऑक्सिडाइज होऊन स्पिनेल फेराइट (वेगळ्याच रचनेचं तांबं-लोह ऑक्साइड) हाती येतो.

मोजमाप ७७ केल्विनपर्यंतच होणार असेल, तर लोहवाल्याचा क्युरी-वाइस आलेख (चुंबकी प्रतिसादाचा व्यस्तांक विरुद्ध तापमान, ही सरळ रेषा) बरा जमतो. ती रेषा वाढवल्यावर शून्याला छेदते ते त्याचं क्युरी-वाइस तापमान उणे ९० केल्विनच्या आसपास आहे. क्रोमियमवाल्याचं उणे २००च्या आसपास, त्यामुळे खोलीच्या तापमानाखालचा सरळ भाग तोकडा पडतो.

इंदूरच्या यूजीसी-डीएई संशोधन केंद्रात हेलियम तापमानाला (सुमारे ४ केल्विन) वेळ मिळत असेल, तर लोहवालाच घ्या. नसेल आणि आरगॉनही नसेल, तर क्रोमियमवाल्यात थोडं ॲल्युमिनियम मिसळून आयनांमधली अंतरं कमी करून पाहा. फक्त त्यात चुंबकी आयनही विरळ होतात, तेव्हा दिसणारा प्रत्येक बदल लॅटिसच्या खात्यावर टाकू नका.