मेझुझा हाताने लिहिलेला घ्यावा की स्क्रीन प्रिंटिंगचा?

अलिबागकडच्या बेने इस्राएल म्हणजे मराठी ज्यू घरांच्या दाराला उजव्या हाताला लावलेली छोटी डबी पाहिली असेल, पण खरा मेझुझा म्हणजे ती डबी नव्हेच, आतली, ज्यू धर्मग्रंथातली वचनं लिहिलेली चामड्याची गुंडाळी. त्यावर २२ ओळी, ७१३ अक्षरं, आणि ती सोफेर म्हणजे धर्मलेखक पिसाने नाहीतर बोरूने एकेक करून काढतो, तेही हे मेझुझासाठीच लिहितोय असं मनात धरून.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये चामडं तसंच, फक्त जाळीवरून रबराची पट्टी ओढली की झालं. स्वस्त पडतं. पण बहुतेक रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू नाहीच म्हणतात, कारण याला लिहिणं म्हणत नाहीत, शिवाय अक्षरं क्रमानेच यायला हवीत, इतकं की हाताने लिहिताना मधलं एक जरी राहिलं तरी नंतर घुसवता येत नाही, अख्खी गुंडाळी बाद!

मला विचाराल तर हातचाच घ्या, महाग असला तरी. तपासायला मात्र कॉम्प्युटर जरूर वापरा, स्कॅन केलं की गळलेलं किंवा जास्तीचं अक्षर पटकन सापडतं, दमलेल्या डोळ्यांना ते सुटतं. अक्षरं एकमेकांना चिकटलीत का, शाईला तडा गेलाय का, हे जाणकारानेच बघायचं.